कॉटवरच्या माणसाच्या हातातही काम द्या : वॉर्ड चालवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
परिचर्या अधीक्षक, वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर आणि रुग्णालयांचे व्यवस्थापक

सप्रेम नमस्कार.

नर्सिंग केअर प्लॅनच्या, म्हणजे रुग्णाच्या परिचर्येच्या आखणीच्या, छापील फॉर्मवर तळाशी एक ओळ असते : ‘रुग्णाशी चर्चा केली : होय / नाही’. पाळी संपत आली की सगळ्या फायली एका जागी गोळा होतात आणि एकाच पेनाने ओळीने ‘होय’वर खुणा होतात. त्यातला एखादा रुग्ण त्या वेळी एक्स-रेला गेलेला असतो, एखादा गाढ झोपलेला असतो. हे पत्र त्या ओळीबद्दल आहे.

रुग्णाला त्याच्या उपचारात सहभागी करून घ्यावं, हा विचार काही आजचा नाही. आपल्या आरोग्यसेवेच्या नियोजनात आणि अंमलबजावणीत भाग घेणं हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही, असं प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या १९७८च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यात लिहिलेलं आहे. २०२३मध्ये जागतिक रुग्णसुरक्षा दिनाचा, म्हणजे १७ सप्टेंबरचा, विषयच रुग्णांचा सहभाग हा होता. पोस्टर लागली, भाषणं झाली. पण वॉर्डात सकाळी सात वाजता नेमकं काय बदलायचं, हे पोस्टरवर नसतं. आमचं म्हणणं एवढंच आहे की सहभाग म्हणजे गोड बोलणं नव्हे आणि सही घेणंही नव्हे. ठरावीक कामं, ठरावीक मर्यादा घालून, शिकवून, रुग्णाच्या हातात देणं म्हणजे सहभाग. त्यासाठी आधी आपले चार्ट, आपल्या वेळा आणि आपल्या सवयी बदलाव्या लागतात.

सुरुवात वाटणीपासून. परिचर्येच्या अमेरिकन अभ्यासक डोरोथिया ओरेम यांनी परिचर्येचे तीन प्रकार सांगितले : सगळं परिचारिकेने करायचं, थोडं तिने आणि थोडं रुग्णाने, आणि तिसरा, रुग्ण स्वतः करतो, आपण शिकवायचं आणि पाठीशी उभं राहायचं. हे सगळ्यांनी परीक्षेपुरतं पाठ केलेलं असतं. पण एकच रुग्ण एकाच वेळी तिन्ही खान्यांत असतो, हे वॉर्डात विसरलं जातं. पोटाच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशीचा माणूस तोंड धुणं, दात घासणं आणि श्वासाचा व्यायाम स्वतः करू शकतो. कुशीवर वळणं आणि कॉटवरून उतरणं आपल्या मदतीने. ड्रेन (जखमेतला द्रव बाहेर नेणारी नळी), सलाईन आणि जखम पूर्णपणे आपल्याकडे. तेव्हा ‘डिपेंडंट’ किंवा ‘इंडिपेंडंट’ असा एक शिक्का मारून चालत नाही. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला तीन ओळी लिहा : आज हे मी करणार, हे सिस्टरबरोबर करणार, हे फक्त सिस्टर करणार. कॉटजवळच्या पाटीवर, रुग्णाला वाचता येईल अशा अक्षरात. वाचता येत नसेल तर त्याला बोलून दाखवा आणि त्याच्याकडून वदवून घ्या. आदल्या दिवशीची पाटी तशीच राहिली तर ती नसलेलीच बरी, कारण ताप चढल्यावर किंवा भूल दिल्यावर कालची वाटणी आज धोक्याची ठरते.

‘काका, तुम्ही पडून राहा, मी करते’ या वाक्यात माया असते, आणि घाईसुद्धा. घाई जास्त असते, कारण आपण अंग पुसलं की काम लवकर उरकतं, त्यांनी पुसलं तर दुप्पट वेळ लागतो. पण निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात झोपवून ठेवलं तर पायांच्या स्नायूंचं वजन सुमारे एक किलोने घटतं, हे मोजून झालेलं आहे. आजारी माणसाची गत याहून वाईट. त्यामुळे जो स्वतः बसून तोंड धुऊ शकतो त्याचं तोंड आपण धुणं हा उपकार नाही. मग्गा, टॉवेल, साबण हाताशी ठेवा, कॉलबेल मांडीवर द्या, पडदा ओढा आणि शेजारच्या कॉटचं काम उरका. पाठ आणि पाय राहतात, ते परत येऊन करा. पाठ पुसताना कातडीही बघून होते.

आता हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना जाणाऱ्या सिस्टरने येणारीला रुग्णांची माहिती देणं. तो टेबलाशी होतो तेव्हा ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय त्याला त्यातलं काहीच कळत नाही, आणि त्याला माहीत असलेलं आपल्याला कळत नाही. रात्री दोनदा उलटी झाली पण सिस्टरला उठवलं नाही, दहाचं इंजेक्शन सुई निसटल्यामुळे अर्धंच गेलं, काल डॉक्टर ‘उद्या नळी काढू’ म्हणाले होते, हे फायलीत नसतं. म्हणून हँडओव्हर कॉटपाशी घ्या. एका रुग्णाला दोन ते तीन मिनिटं पुरतात, पण क्रम ठरलेला हवा. जाणारी सिस्टर येणारीची नावानिशी ओळख करून देते. मग कशासाठी दाखल, या पाळीत काय घडलं, पुढच्या पाळीत काय व्हायचं, हे ‘तुम्हाला’ असं म्हणत रुग्णाकडे बघून सांगते. दोघी मिळून सुईची जागा, सलाईनचा वेग, ड्रेन, लघवीची पिशवी आणि मनगटावरची पट्टी बघतात. शेवटी दोन प्रश्न : ‘आम्ही बोललो त्यात काही चुकलं किंवा राहिलं का?’ आणि ‘या पाळीत तुमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं काय?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा आपल्या यादीत नसतं. कुणाला दुपारी मुलगी यायच्या आधी अंघोळ हवी असते, कुणाला रात्री सलग चार तास झोप.

हे बिघडतं कुठे, तेही सांगतो. दोन सिस्टर कॉटच्या दोन बाजूंना उभ्या राहतात आणि मध्ये झोपलेल्या माणसाच्या डोक्यावरून ‘पीओडी टू, एनबीएम, आयओ चार्टिंग’ (ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस, तोंडाने काही द्यायचं नाही, आत-बाहेरची मापं लिहायची) असं बोलतात. याला कॉटपाशी झालेला हँडओव्हर म्हणत नाहीत, नुसती टेबलाची जागा बदलली. दुसरं, गुप्तता. अजून रुग्णाला न सांगितलेलं निदान, एचआयव्हीची स्थिती, घरातला छळ, मानसिक आजार या गोष्टी शेजारच्या कॉटला ऐकू जाता कामा नयेत. त्या आधी आत बसून, लेखी टिपणावर बोट ठेवून सांगायच्या. नातेवाईक बसलेले असतील तर ‘यांच्यासमोर बोललं तर चालेल ना?’ हे रुग्णाला विचारायचं, नातेवाईकांना नव्हे. तिसरं, झोप. पहाटेच्या हँडओव्हरला उठवायचं की नाही, हे आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवा. चौथं, बोलके रुग्ण. ‘हे सविस्तर ऐकायचंय, राऊंड झाला की येते’ म्हणायचं आणि खरोखर जायचं. एकदा गेलं नाही की पुढच्या वेळी तो माणूस गप्प राहतो किंवा तिथेच सगळं सांगून टाकतो.

औषधांच्या बाबतीत आपली पद्धत सगळ्यात विचित्र आहे. वीस वर्षं स्वतःच्या गोळ्या स्वतः घेणारी बाई दाखल होते, त्या क्षणी तिच्या हातातून सगळ्या गोळ्या काढून घेतल्या जातात. आठ दिवसांनी डिस्चार्जच्या वेळी तिला पिशवीभर नव्या गोळ्या आणि एक कागद दिला जातो, आणि आता बरोबर घ्या म्हणून सांगितलं जातं. मधले आठ दिवस शिकायचे होते, ते फुकट गेले. स्वतः औषध घेण्याच्या तीन पायऱ्या ठरवता येतात. पहिल्या पायरीवर सिस्टर देते, पण प्रत्येक वेळी गोळीचं नाव आणि कारण सांगून. दुसऱ्या पायरीवर रुग्णाच्या औषधांच्या कपाटाचं कुलूप सिस्टर उघडते, गोळी रुग्ण निवडतो, सिस्टर बघते. तिसऱ्या पायरीवर किल्ली रुग्णाकडे, तो घेतो, त्याच्या तक्त्यावर खूण करतो आणि सिस्टर दर पाळीत तक्ता बघून गोळ्या मोजते. पायरी चढवण्याआधी तपासायचं ते असं : नाव, कारण, मात्रा, वेळ सांगता येते का, लेबल वाचता येतं का, पाकीट फोडता येतं का, इनहेलर असेल तर ओढता येतो का. गोंधळलेला, गुंगीत असलेला, स्वतःला इजा करून घेण्याची भीती असलेला रुग्ण इथे बसत नाही. नियंत्रित औषधं आणि रोज मात्रा बदलणारी, रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनसारखी औषधं आपल्याकडेच राहतात. ऑपरेशन झालं की पायरी पुन्हा पहिली.

यातला सगळ्यात घातक घोटाळा साधा असतो. घरून आणलेल्या गोळ्या उशाशी पिशवीत असतात, सकाळी सवयीने रुग्ण त्या घेतो आणि तासाभराने ट्रॉलीवरून तीच गोळी दुसऱ्या कंपनीच्या नावाने येते. रक्तदाबाची गोळी दोनदा गेली की माणूस संडासात चक्कर येऊन पडतो. म्हणून दाखल करतानाच ‘घरून काय काय आणलंय, दाखवा’ असं विचारून सगळं बाहेर काढायचं, मोजायचं, लिहायचं. ‘काही आणलंय का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं.

इन्सुलिनचं वेगळं सांगावं लागतं. जेवणासाठीचं जलद इन्सुलिन साधारणपणे जेवणाआधी पंधरा मिनिटांच्या आत घ्यायचं असतं. वॉर्डात इंजेक्शनची ट्रॉली एका वेळी फिरते, जेवणाची दुसऱ्या वेळी, आणि मधल्या तासात साखर उतरते. घरी स्वतः टोचून घेणाऱ्याला आपलं ताट समोर आल्यावरच टोचायचं, हे चांगलं कळतं. त्याला ते करू द्या. रक्ताचा थेंब त्याने काढावा, पण मात्रेचा निर्णय वॉर्डच्या तपासलेल्या ग्लुकोमीटरवरच्या आकड्यावर व्हावा आणि आकडा आपल्या चार्टवर यावा. इन्सुलिनचं पेन टोचल्यावर बटण दाबून दहा अंक मोजायचे, मगच सुई काढायची. जागा रोज बदलायची. पेनवर नाव हवं आणि ते दुसऱ्या कुणालाही वापरायचं नाही, सुई बदलूनसुद्धा नाही. थरथर, घाम, गोंधळ जाणवला की सांगायचं. साखर ७०च्या खाली असेल तर १५ ते २० ग्रॅम ग्लुकोज आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. हे ग्लुकोज रुग्णाच्या कपाटात ठेवलेलं असावं, औषधांच्या खोलीत नव्हे. शिरेतून इन्सुलिन चालू आहे, उलट्या होत आहेत, ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं आहे किंवा शुद्ध नीट नाही, अशा वेळी ही सगळी मुभा थांबते आणि ती का थांबली हे रुग्णाला सांगायचं असतं.

पार्किन्सनच्या रुग्णाबद्दल एकच वाक्य : लेव्होडोपा या औषधाची त्याची घड्याळाची वेळ तीच वॉर्डची वेळ, कारण अर्धा तास उशीर झाला तरी तो माणूस कॉटवर लाकडासारखा ताठ होऊ शकतो, आणि मग त्याला उचलायला दोघी लागतात.

दुखणं ० ते १० मध्ये सांगायला लावणं सगळीकडे सुरू झालंय, पण विचारतात ते शांत पडलेल्या माणसाला. तो ‘दोन’ म्हणतो आणि चार्टवर दोन पडतो. खोकल्यावर तो आठ असतो, म्हणून तो खोकत नाही, आणि तिसऱ्या दिवशी छातीत कफ साठतो. दोन्ही आकडे विचारा, पडून असतानाचा आणि हलतानाचा. आकड्याबरोबर एक कामही ठरवा : खोल श्वास घेता आला पाहिजे, खुर्चीपर्यंत जाता आलं पाहिजे. वेदनेचं औषध बटण दाबून स्वतः घ्यायचा पंप लावला असेल, तर व्यायामाच्या पाच-दहा मिनिटं आधी बटण दाबायचं, हे शिकवा. या पंपात एका दाबाला ठरलेली मात्रा जाते, मॉर्फिन असेल तर बहुधा १ मिलिग्रॅम, आणि पुढची ५ ते १० मिनिटं कितीही दाबलं तरी काही जात नाही. मात्र खरी सुरक्षा पंपाच्या या अडवण्यात नाही. औषध जास्त झालं की माणूस पेंगतो, पेंगलेला माणूस बटण दाबत नाही, सुरक्षा ही आहे. म्हणूनच ‘झोपेत कण्हत होते म्हणून मीच दाबलं’ असं म्हणणारा प्रेमळ नातेवाईक इथे श्वास थांबवू शकतो. बटणावर ठळक अक्षरात चिकटवा : फक्त रुग्णाने दाबायचं. आणि बटण रुग्णाच्या हातात असलं, तरी श्वास मोजणं व गुंगी बघणं आपल्याच हातात राहतं.

श्वासाच्या व्यायामाचं उपकरण, तेच चेंडूवालं, बहुतेकजण फुंकतात. ते ओढायचं असतं : सावकाश ओढून तीन ते पाच सेकंद धरायचं, जागेपणी तासाला दहा वेळा. टाक्यांवर उशी दाबून धरायची आणि मग खोकायचं. एकदा करून दाखवा, एकदा करून घ्या.

इनटेक-आउटपुट चार्ट, म्हणजे अंगात किती गेलं आणि बाहेर किती आलं याचा तक्ता, हा रुग्णाने लिहावा असा चार्ट आहे, आणि आपण तो सगळ्यात वाईट लिहितो. दर तासाला १००, १००, १०० असे गोल आकडे दिसले की समजावं, ते पाळी संपताना एकत्र भरलेत. जो माणूस जागा आहे आणि स्वतःच्या हाताने पितो आहे, त्याच्यापेक्षा चांगला नोंदणारा कुणी नाही. आधी वॉर्डमधली भांडी एकदा मोजून घ्या : पेला, कप, वाटी, नेहमी भरतो तेवढी भरून, मापाच्या भांड्यात ओतून. ते मिलिलिटरचे आकडे एका कार्डावर लिहून कपाटावर चिकटवा. रुग्णाने फक्त वेळ आणि ‘एक पेला’, ‘अर्धा कप’ लिहायचं, बेरीज आपण करायची. शिरेतून जाणारं तो लिहीत नाही, ते आपलं. लघवीसाठी प्रत्येकाला नाव लिहिलेलं मापाचं भांडं द्या. एकच भांडं चौघांत फिरलं तर मापही चुकतं आणि जंतूही फिरतात. नेमकं निसटतं ते असं : गोळ्यांबरोबरचे घोट, पहाटेची पहिली लघवी, संडासला गेल्यावर तिथेच झालेली लघवी, आणि उलटी. न मोजता ओतली गेली तर अंदाजे आकडा टाकायचा नाही, ‘झाली, मोजली नाही’ असं लिहायचं. हे रुग्णाला स्पष्ट सांगा, नाहीतर तो आपल्याला खूश करायला आकडा तयार करतो. लघवीची नळी असेल आणि दर तासाचं माप हवं असेल तर ते काम सिस्टरचंच. प्रौढाला ताशी किलोमागे अर्धा मिलिलिटर, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ३० मिलिलिटर, याच्या खाली सलग दोन तास गेलं की डॉक्टरांना कळवायचं, आणि ही जबाबदारी कुठल्याही सहभागाच्या नावाखाली कॉटकडे सरकत नाही.

हृदय कमकुवत असलेल्या रुग्णाला वजनाचा तक्ता स्वतः ठेवायला लावा. त्याच काट्यावर, सकाळी लघवी झाल्यावर, खाण्याआधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर कळवायचं, घरी गेल्यावरसुद्धा. वॉर्डात चार-पाच सकाळी त्याने स्वतः काट्यावर उभं राहून आकडा लिहिला असेल तर घरीही लिहील. डिस्चार्जच्या कागदावरचं वाक्य वाचून लिहील, अशी आशा करू नये.

लघवीच्या नळीत रोज ३ ते ७ टक्के या गतीने जंतू शिरण्याची शक्यता वाढत जाते. ‘आज ही नळी हवीच आहे का?’ हा प्रश्न रोज विचारायला रुग्णाला सांगा, आणि तो विचारेल तेव्हा कपाळाला आठ्या पाडू नका. पिशवी कायम ओटीपोटाच्या खाली, पण तोटी जमिनीला टेकलेली नको. नळी मांडीखाली दबलेली नको. दोन-तृतीयांश भरली की रिकामी. स्ट्रेचरवर घेताना पिशवी पोटावर ठेवण्याची जी सवय आहे, त्यात साठलेली लघवी उलट आत जाते. रुग्णाला हे एकदा कळलं की तोच वॉर्डबॉयला थांबवतो. हाताच्या सुईचंही तसंच. दुखणं, जळजळ, सूज, लाली, ओल, यातलं काहीही दिसलं की लगेच सांगा, हे सुई लावतानाच बोलायचं. ‘थोडं दुखणारच’ हे वाक्य वॉर्डातून हद्दपार करावं, असं आमचं मत आहे. त्याच वाक्यामुळे हात कोपरापर्यंत सुजेस्तोवर माणूस गप्प बसतो.

हात धुण्याबद्दल रुग्णांनी आपल्याला टोकावं, अशा पाट्या लावून फारसं काही होत नाही. ज्याच्या हातात सुई आहे त्याला कोण टोकणार? आमंत्रण आपल्याकडून यावं लागतं : ‘मी हात स्वच्छ केलेत, पुढच्या वेळी विसरले तर आठवण करा.’ हे बोलता बोलता रुग्णाच्या डोळ्यांसमोर हात चोळा, द्रावण असेल तर २० ते ३० सेकंद. ओळख पटवतानाही प्रश्न उघडा ठेवा. ‘तुम्हीच अमुक ना?’ या प्रश्नाला ऐकू कमी येणारा, गुंगीतला, घाबरलेला प्रत्येकजण मान डोलावतो. ‘पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा’ म्हणा. ‘अकरा नंबरचं ड्रेसिंग’ या भाषेत बोलणारा वॉर्ड एक दिवस अकराचं रक्त बाराला लावतो.

बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमांची, राखण रुग्ण स्वतः बरीच करू शकतो, पण ‘कूस बदलत राहा’ एवढं सांगून नाही. खुर्चीत बसलेल्याने दर १५ ते ३० मिनिटांनी वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला न्यायचं, पुढे वाकायचं. कॉटवर पूर्ण कुशीवर नको, पाठीमागे उशी देऊन ३० अंशांचा कल पुरे, कारण सरळ कुशीवर खुब्याचं हाड रुततं. टाचा हवेत राहतील अशी उशी पोटऱ्यांखाली. लाल जागेवर बोट दाबून सोडायचं. पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे, लालच राहिली तर सोअर सुरू झालाय. सावळ्या कातडीवर ही लाली दिसत नाही, तिथे गरमपणा, कडकपणा, दुखणं यांवर लक्ष ठेवायचं. लकव्याच्या बाजूला दुखणं कळतच नाही, तिथे बघणं आपलंच काम.

पडण्याबद्दल थोडक्यात. रुग्णालयातलं बरंचसं पडणं संडासला जाता-येता होतं, आणि माणूस बेल वाजवत नाही कारण मागच्या वेळी बेल वाजवून कुणी आलं नव्हतं. उठण्याच्या पायऱ्या पाठ करून घ्या : आधी बसायचं, एक-दोन मिनिटं पाय हलवायचे, चक्कर नसेल तर उभं राहायचं, कॉटला धरूनच थोडं थांबायचं, मग पाऊल.

आपली तब्येत बिघडते आहे हे आकड्यांच्या आधी रुग्णाला कळतं, कधी त्याच्या आईला किंवा बायकोला. इंग्लंडमध्ये २०२४पासून ‘मार्थाज रूल’ लागू होतो आहे. मार्था मिल्स ही तेरा वर्षांची मुलगी २०२१मध्ये सेप्सिसने, म्हणजे अंगभर भिनलेल्या जंतुसंसर्गाने, गेली. तिच्या आईवडिलांची काळजी वेळेत ऐकली गेली नव्हती. त्या नियमानुसार रुग्णाची प्रकृती कशी आहे हे दिवसातून निदान एकदा त्याला किंवा घरच्यांना विचारून नोंदवायचं, आणि काळजी वाटली तर त्यांना दुसऱ्या पथकाकडून तातडीची तपासणी थेट मागता येते. त्यातला पहिला भाग कुठल्याही वॉर्डला उद्यापासून जमेल. टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर एक रकाना वाढवा : ‘कालपेक्षा बरं, तसंच, की वाईट?’ उत्तर ‘वाईट’ असेल तर आकडे नॉर्मल असले तरी नाडी, श्वास, रक्तदाब पुन्हा घ्यायचे आणि इनचार्जला सांगायचं.

शिकवल्याची परीक्षा ‘समजलं का?’ या प्रश्नाने होत नाही. ‘मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय, घरी गेल्यावर काय करणार ते तुमच्या शब्दांत सांगा’ असं विचारायचं. चुकलं तर दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांगायचं. एका वेळी दोन-तीन गोष्टींपेक्षा जास्त नाही. हाताने करायचं काम तर करूनच घ्यायचं. उदाहरणार्थ पोटावर काढलेल्या शौचमार्गाची पिशवी. पहिल्यांदा त्याने नुसतं बघावं, कित्येकांना तेवढंही जड जातं. दुसऱ्यांदा पिशवी रिकामी करावी, एक-तृतीयांश भरली की रिकामी, कारण जास्त भरली की वजनाने सुटते. तिसऱ्यांदा जुनी पिशवी कातडी दाबत वरून खाली काढावी, कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं करावं, मापपट्टीने मोजून स्टोमापेक्षा (पोटावरच्या त्या तोंडापेक्षा) २ ते ३ मिलिमीटर मोठं भोक कापावं आणि बसवावं. भोक फार मोठं झालं की उघड्या कातडीला मळ लागून ती सोलवटते, लहान झालं तर कडा स्टोमाला कापते. चौथ्यांदा सगळं त्याने करावं आणि सिस्टरने हात पाठीमागे बांधून उभं राहावं. हे सगळ्यात अवघड, कारण आपले हात आपोआप पुढे जातात. स्टोमाची सूज पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत उतरत जाते, म्हणून घरी माप पुन्हा घ्यावं लागतं, हे सांगायचं राहतं आणि महिन्याभरात गळती सुरू होते. रंग लालसर आणि ओलसर हवा. जांभळा किंवा काळा पडला तर त्याच क्षणी दवाखाना गाठायचा. हे चार वेळा करून घ्यायला चार दिवस लागतात, त्यामुळे डिस्चार्जच्या सकाळी सुरुवात करून भागत नाही.

आता आमची सगळ्यात मोठी भीती. माणसं कमी असलेल्या वॉर्डात ‘रुग्णाचा सहभाग’ हे शब्द कामं नातेवाइकांवर ढकलायला सोयीचे आहेत. नाकातल्या नळीतून अन्न देणं, सलाईन संपलं की बाटली बदलणं, कफ ओढणं ही कामं शेजारी बसलेल्या मुलाकडून करून घेणं म्हणजे सहभाग नव्हे. नळी जागेवर आहे का, हे आतून ओढलेल्या द्रवाचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) ५.५ किंवा त्याहून कमी आहे हे बघून ठरवायचं असतं. ती फुप्फुसात गेली असेल तर त्या मुलाने प्रेमाने दिलेला प्रत्येक चमचा वडिलांच्या छातीत उतरतो. घरी जाऊन हेच करावं लागणार असेल तर जरूर शिकवा, पण शिकवल्याची, करून घेतल्याची आणि तपासल्याची नोंद हवी. काम रुग्णाने किंवा नातेवाइकाने केलं तरी जबाबदारी ड्युटीवरच्या सिस्टरचीच राहते, हे लेखी धोरणात एका वाक्यात घाला.

आणि नको म्हणण्याचा हक्क. काहींना आजारात काही ठरवायचं नसतं, काही करायचं नसतं. ‘तुम्हीच बघा’ हेही उत्तर आहे. ‘किती माहिती हवी, किती गोष्टी तुम्ही ठरवणार?’ हे दाखल करताना विचारा आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारा, कारण ताप उतरला की उत्तर बदलतं. गोंधळलेल्या वृद्धाला, जो संध्याकाळी जास्त भरकटतो, त्यालाही कुठल्या हाताला सुई लावू, आधी तोंड धुऊ की केस विंचरू, हे सकाळी नक्की विचारता येतं.

व्यवस्थापनाकडे मागणी मोजकी आहे. दोन पाळ्यांत पंधरा-वीस मिनिटं एकमेकींवर येतील अशी ड्युटी लावा आणि ती मिनिटं पगारी धरा. प्रत्येक कॉटला कुलपाचं कपाट, नावाचं मापाचं भांडं आणि पुसता येणारी पाटी द्या. जेवणाची आणि इंजेक्शनची वेळ एकत्र बसून जुळवा. हे सिस्टरच्या हातात नाही, तुमच्या हातात आहे. केअर प्लॅनवरची ती ‘होय / नाही’ची ओळ काढून टाका, तिथे ‘रुग्ण काय म्हणाला’ असं लिहून दोन रिकाम्या ओळी सोडा, त्याच्याच शब्दांत भरायच्या.

तपासणीच्या दिवशी फायली उघडू नका. एका वॉर्डात जा, बोलू शकतील अशा पाचजणांना तीन प्रश्न विचारा : आज तुमची सिस्टर कोण? आज तुम्ही स्वतः काय काय करणार आहात? काय झालं तर लगेच बेल वाजवायची? रात्रपाळीतही एकदा जा, आणि सांगून जाऊ नका. सुरुवातीला सगळे वॉर्ड नकोत, सगळी कामंही नकोत. एक वॉर्ड घ्या, त्यात कॉटपाशी हँडओव्हर आणि इनटेक-आउटपुट चार्ट एवढंच घ्या, सहा आठवडे चालवा. पहिले दोन आठवडे वेळ जास्त लागेल आणि तक्रारी येतील, त्या लिहून ठेवा, पण तेवढ्यावरून बंद करू नका. इन्सुलिन आणि गोळ्यांची कपाटं त्यानंतर.

कळावे,
परिचर्येत काम करणारे आणि ती शिकवणारे आम्ही काहीजण